वडाच्या प्रदक्षिणा आणि आजाऱ्याची खोली

वाचकहो, घरात कुणी दीर्घकाळ अंथरुणाला खिळले की घराचे घड्याळच बदलते. औषधांच्या वेळा, कूस बदलण्याच्या वेळा, नळाला पाणी येण्याची वेळ, फिजिओथेरपीच्या ताई येण्याची वेळ. या सगळ्यांतून उरते ती संध्याकाळ. आमच्या अमळनेरच्या घरी, आईच्या आजारपणात, ती संध्याकाळ फार लांब वाटत असे. अशाच एका संध्याकाळी मी कपाटातून ‘श्यामची आई’ काढले. मोठा हेतू नव्हता. टीव्हीचा आवाज आईला सोसत नव्हता आणि मला काहीतरी मोठ्याने बोलत राहायचे होते, एवढेच.

हे पुस्तक आपण सर्वांनी वाचलेले असते. निदान तसे आपल्याला वाटते. खरे पाहता आपल्यापैकी अनेकांच्या मनात पुस्तकापेक्षा आचार्य अत्र्यांचा 1953 सालचा चित्रपट आणि त्या अंधाऱ्या थिएटरात पुसलेले डोळेच अधिक असतात. शाळेच्या वयात वाचले तेव्हा ते संस्कारांचे पुस्तक होते. साठी उलटल्यावर, रुग्णाच्या खाटेशी बसून वाचताना मला ते निराळेच दिसले. आजार, एकटेपण आणि सावरणे या तीन गोष्टींची ही कादंबरी आहे. तिच्यातल्या साध्या घरगुती वस्तू, झाड, फूल, पाऊल, मांजर, हळूहळू प्रतीके होऊन समोर येऊ लागल्या. शुश्रूषा करणाऱ्याला ती प्रतीके उपयोगी पडतात, असा माझा अनुभव आहे. तो आपणापुढे ठेवते.

आधी आमच्या गावाचा या पुस्तकाशी असलेला संबंध सांगायला हवा, कारण अमळनेरकराला तो सांगितल्यावाचून राहवत नाही. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी, प्रथम इथल्या तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि 1924 पासून 1930 पर्यंत प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. ते छात्रालयही सांभाळीत. मुलांच्या खोल्या झाडणे, कंदिलाच्या काचा पुसणे, कपडे धुऊन घड्या करून ठेवणे, मूल आजारी पडले तर त्याच्या उशाशी बसणे ही कामे ते न सांगता करीत. आपण ज्याला आज ‘काळजीवाहक’ म्हणतो, ते काम गुरुजींनी पुस्तक लिहिण्यापूर्वी बोरीकाठच्या या गावात केले होते. 1930 साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरले. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील अठरा प्रवचने त्यांनी ऐकली आणि उतरवून घेतली. पुढे नाशिकच्या तुरुंगात, 1933 च्या फेब्रुवारीत, अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग लिहिला. त्यांची आई जाऊन तेव्हा पंधरा वर्षे उलटली होती.

पंधरा वर्षे. हा आकडा ध्यानात असू द्या, त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

पुस्तकाची सुरुवातच आजारपणाने होते, हे किती जणांना आठवते? मला आठवत नव्हते. पहिल्या रात्रीची गोष्ट सावित्रीव्रताची. श्यामची आई हिवतापाने खंगली आहे. वडाला प्रदक्षिणा घालायच्या तर घेरी येईल, म्हणून ती श्यामला आपल्या वतीने त्या घालायला सांगते. मुलगा लाजतो. बायकांचे व्रत, त्यात आपण फिरायचे, मित्र हसतील! आई त्याला समजावते आणि अखेर तो जातो. गोष्ट एवढीच. आपण तिचे तात्पर्य ‘देवाच्या कामाची लाज धरू नये’ असे शिकलो, आणि ते पुस्तकातच आहे. पण आजाऱ्याच्या बाजूने पाहा. त्या बाईने काय मागितले? ‘मला बरे कर’ असे ती म्हणाली नाही. ज्येष्ठातला तो दिवस आपल्याला चुकू नये, आपले पाय चालत नसले तरी कुणाच्या तरी पायांनी आपली फेरी पूर्ण व्हावी, एवढेच तिचे मागणे आहे.

दीर्घ आजारातला मोठा दुरावा हाच असतो. रुग्ण वर्षाच्या चक्रातून बाहेर पडतो. सण येतात आणि दाराबाहेरून जातात. आपण प्रेमाने म्हणतो, ‘तू पडून राहा, आम्ही सगळे करतो,’ आणि त्या वाक्यासरशी त्या माणसाचे वर्ष काढून घेतो. वड हे त्या कादंबरीतले पहिले प्रतीक. पारंब्या जमिनीत उतरून नवी खोडे होतात, जुने खोड थकले तरी झाड उभे राहते. मुलाने आईच्या वतीने चालणे म्हणजे एक पारंबी जमिनीला टेकणे, असे मला त्या संध्याकाळी वाटले. हे गुरुजींनी असे उकलून कुठे सांगितलेले नाही. त्यांनी फक्त वड ठेवला आहे आणि बाजूला लाजणारा मुलगा.

आता आमच्या घरी त्या रात्री काय झाले ते सांगते. माझ्या आईला अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाणी गेली. मी तेव्हा नाशिकला होते, लेकीच्या घरी. अण्णा, माझे वडील, त्र्याऐंशीचे. पहाटे आईला उठता येईना तेव्हा त्यांना वाटले, अशक्तपणा असेल, थोडे झोपू द्यावे. दवाखान्यात पोचेपर्यंत दुपार झाली. मेंदूतल्या रक्तवाहिनीत गाठ अडकली असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, हे आम्हाला नंतर कळले. म्हणून आपणास आधी हेच सांगते, पुस्तकाचे नंतर बघू: चेहरा एका बाजूला ओघळला, एक हात उचलता येईना किंवा जीभ अडखळली, तर ‘बघू थोड्या वेळाने’ म्हणू नका. वेळ लिहून ठेवा आणि त्याच क्षणी निघा.

घरी आणल्यावर आईला सगळे समजत असे, पण शब्द येत नसे. स्वतःचे नावही नाही. पाणी हवे असले की ती ‘ते… ते…’ करी आणि मग चिडून डोळे मिटी. पहिल्या रात्रीची गोष्ट वाचताना मी वडाच्या फेऱ्यांपाशी आले आणि उगीचच, गंमत म्हणून, बोटांवर मोजू लागले. एक, दोन, तीन. चारला आईचा आवाज आला. चार, पाच, सहा, सात. घोगरा, पण स्पष्ट. मी थांबले तशी तीही थांबली. पुन्हा सुरू केले, पुन्हा आली. अण्णा आतून धावत आले, म्हणजे त्यांच्या काठीला धावता येते तितके.

हा चमत्कार नव्हता. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी पुढच्या भेटीत समजावून सांगितले. मेंदूच्या आघाताने हेतुपूर्वक बोलण्याची क्षमता गेली तरी आकडे, वारांची नावे, पाठ असलेली स्तोत्रे, आरत्या, ओव्या अशी ओघाने येणारी वाणी अनेकदा शिल्लक असते. ‘तुमचे नाव काय?’ याला उत्तर येत नाही, पण आरती सुरू केली की माणूस पुढची ओळ म्हणतो. त्या शिल्लक वाटेने हळूहळू बाकीच्या शब्दांकडे जाता येते. किती जाता येईल ते कुणी आधी सांगू शकत नाही. आपल्या घरी असा रुग्ण असेल तर प्रश्नांचा भडिमार करू नका. त्याच्या सोबतीने काहीतरी म्हणा आणि मध्येच थोडे थांबा.

अशा रीतीने आमचे वाचन नियमित झाले. पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री प्रार्थनेनंतर आईची एक गोष्ट सांगतो, अशी त्याची बांधणी. आम्हाला बेचाळीस रात्रींना तीन महिने लागले, कारण ताप, पाहुणे, वीज जाणे हे सारे मध्ये येतच होते. पण रात्रीची ती ठरलेली वेळ हेच औषध होते, असे मी म्हणेन. रुग्णाला वाट पाहण्यासारखे काहीतरी लागते. ‘उद्या’ या शब्दाला अर्थ राहावा लागतो.

तिसऱ्या रात्रीची गोष्ट ‘मुकी फुले’. मुलांमध्ये फुले आधी मिळवण्याची चढाओढ लागते आणि उमलायच्या आतच कळ्या खुडल्या जातात. आई सांगते, त्यांना झाडावरच फुलू द्या. वाचून झाले तेव्हा मला माझीच लाज वाटली. कारण त्या आठवड्यात मी आईच्या पोलक्याचे बटण लावण्याचा तिचा प्रयत्न चार वेळा मोडला होता. डाव्या हाताने तिला एका बटणाला पाच मिनिटे लागत. मला स्वयंपाक असे, मी पटकन लावून टाकी. प्रेमाने खुडलेली कळी ही. शुश्रूषा करणाऱ्यांची ही नेहमीची चूक आहे आणि ती मायेपोटीच होते. पक्षाघातानंतर मेंदू नव्या वाटा शोधतो तो वारंवार केलेल्या प्रयत्नातून. घास भरवणे, केस विंचरणे, पेला तोंडाशी नेणे, जे थोडेबहुत जमते ते रुग्णालाच करू द्यावे, सांडले तर सांडू द्यावे. गिळताना ठसका लागत नाही ना, एवढे मात्र जवळ बसून पाहावे. ताठ बसवूनच भरवावे, निजल्या-निजल्या कधीही नाही. त्या रात्रीपासून मी स्वयंपाक वीस मिनिटे आधी सुरू केला. बटणाचा प्रश्न एवढ्याने सुटला. सोपे होते, सुचत मात्र नव्हते.

मग पावलांची गोष्ट. ही सर्वांना आठवते. अंघोळ झाल्यावर छोट्या श्यामच्या ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आई आपले लुगडे पसरते, आणि मनालाही असेच जप म्हणून सांगते. या प्रसंगावर इतकी भाषणे झाली आहेत की तळवे बाजूला राहिले आणि मन तेवढे उरले. मी आपणास पुन्हा तळव्यांकडे नेते. श्यामच्या आईने प्रथम पाऊल जपले, मग मनाचे बोलली. तो क्रम महत्त्वाचा आहे. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांचे तळवे आपण शेवटचे केव्हा पाहिले? मधुमेह असेल तर पायाची संवेदना कमी होते, काटा रुतला तरी कळत नाही आणि साध्या जखमेचे मोठे दुखणे होते. रोज कोमट पाण्याने पाय धुवावे. पाणी आधी आपल्या हाताने पाहावे, कारण त्यांना चटका कळणार नाही. बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या कराव्या. टाचांना तेल किंवा मलम लावावे, बेचक्यांत लावू नये. अंथरुणावरच्या माणसाच्या टाचा, माकडहाड आणि खुबे रोज पाहावे, लालसर डाग दिसला तर त्या भागावरचा भार काढावा. दर दोन तासांनी कूस बदलावी. हे करताना आपोआप खाली बसावे लागते आणि रुग्ण वरून आपल्याकडे पाहतो. आजारपणात सगळे त्याच्याकडे वरून पाहत असतात. पाय धुताना ते उलटते.

टॉल्स्टॉयची ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ ही दीर्घकथा 1886 सालची. तिच्यात मरणपंथाला लागलेल्या एका मोठ्या अंमलदाराला घरात कुणीही खरे सांगत नाही. गेरासिम नावाचा तरुण शेतकरी नोकर तेवढा आढेवेढे न घेता त्याची सेवा करतो आणि रात्र-रात्र त्याचे पाय आपल्या खांद्यांवर धरून बसतो, कारण तसे धरले की दुखणे कमी वाटते. तिथेही पायच. दोन देश, दोन धर्म, दोन भाषा, आणि आजाऱ्याच्या पायांपाशी बसलेले एक माणूस. मी त्याहून अधिक काही म्हणत नाही. साम्य दिसले, सांगितले.

आता मांजर. श्यामच्या घरी मथी नावाची मांजर आहे, आईची लाडकी. आई गेल्यावर ती अन्नाला तोंड लावत नाही आणि मागोमाग जाते. शाळेत असताना मला हा भाग थोडा अतिरंजित वाटला होता. दवाखान्यातून घरी आलेल्या पहिल्या आठवड्यात मात्र मी अण्णांचे ताट पाहिले. भाकरीचा चतकोर तसाच. ‘भूक नाही’ हे एकच उत्तर. सगळ्यांचे लक्ष खाटेकडे होते. खाटेशेजारच्या खुर्चीत बसलेला, साठ वर्षांचा सोबती गप्प झालेला माणूस कुणाला दिसत नव्हता. चार किलो वजन उतरल्यावर दिसला.

वाचकहो, आपल्या घरी एक आजारी असेल तर दुसऱ्याकडे पाहा. रुग्णाच्या वाट्याला निदान डॉक्टर, औषध आणि विचारपूस येते. जोडीदाराच्या वाट्याला ‘तुम्ही बरे आहात ना, मग झाले’ एवढेच. जेवण कमी होणे, रात्री जाग येणे, वर्तमानपत्र न उघडता घडी करून ठेवणे, ही सारी लक्षणे आहेत. स्वतः पक्षाघात झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य गाठते. त्यावर उपचार आहेत, ते मागून घ्यावे लागतात. जोडीदाराचे नैराश्य तर कुठल्याच केसपेपरवर नसते. अण्णांच्या बाबतीत आम्ही एक केले. वाचनाचे काम अर्धे त्यांच्याकडे दिले. मोठ्या अक्षरांची प्रत आणि चांगला दिवा आणला. ते आईकडे तोंड करून, शाळामास्तरासारखे खडे वाचीत. ती कधी हसे. मग ते जेवत.

एकटेपणाबद्दल थोडे वेगळे बोलायचे आहे, आणि त्यासाठी आमच्याच जळगाव जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका कादंबरीचे नाव घेते. यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’, 1963 सालची. कोसला म्हणजे कोश, अळी स्वतःभोवती विणते तो. त्यातला पांडुरंग सांगवीकर शिक्षणासाठी पुण्याला गेलेला आहे. त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या साथीत जाते. पुढे शिक्षण अर्धवट टाकून तो गावी परततो. दोन्ही पुस्तकांत शिकायला दूर गेलेला मुलगा आहे आणि घरात घडलेले मरण आहे. पण श्याम त्या दुःखातून बोलत बाहेर येतो, आणि पांडुरंग स्वतःभोवती कोश विणतो. कोणता बरोबर, असे मी म्हणणार नाही. कोश हे निव्वळ कोंडून घेणे नसते, आत काहीतरी घडतही असते. आजारातून उठलेल्या माणसालाही असे काही दिवस लागतात. ‘बोल ना, हस ना, बाहेर चल ना’ म्हणून त्याच्या मागे लागू नये. मात्र कोश केव्हा घर होतो आणि केव्हा कोठडी, हे जवळच्या माणसाने ओळखावे लागते. त्याची साधी खूण सांगते. स्वतः होऊन गप्प असलेला माणूस आपण शेजारी बसलो तर सहन करतो. कोंडलेला माणूस तेही सहन करीत नाही.

अडतिसाव्या रात्रीशी आम्ही अडलो. ‘आईचा शेवटचा आजार’ असे तिचे नाव. अण्णांनी शीर्षक वाचले आणि आईने डावा हात पुढे करून पुस्तक मिटले. तोंडाने शब्द आला, ‘नको.’ आजारानंतर तिने अर्थाने उच्चारलेला तो पहिला शब्द असावा. नकार रुग्णाचा हक्क आहे. आम्ही तो मानला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या रात्रीपासून सुरू केले.

उरलेल्या पाच रात्री मी मागल्या अंगणात एकटीने वाचल्या. पुण्याहून सखूमावशी बहिणीची सेवा करायला येते. तिच्याबद्दल आपण कधी बोलतच नाही, वास्तविक या पुस्तकातली खरी परिचारिका तीच. श्याम मात्र दूर आहे. तो पोचतो तेव्हा आई नसते. राख असते. गुरुजींच्या आयुष्यातही तसेच घडले होते. 2 नोव्हेंबर 1917 रोजी त्यांची आई गेली, त्यांचे अठरावे वर्ष चालू होते आणि ते तिच्यापाशी नव्हते.

मी त्या पहाटे नाशिकला होते. हे मी कुणाशी बोलले नव्हते, अण्णांशीही नाही, कारण ते स्वतःला माझ्याहून अधिक दोष देत होते. अंगणात बसून मला एवढे कळले की ते पुस्तक उशीर झालेल्या मुलाने लिहिले आहे. पंधरा वर्षे त्याने ते आत ठेवले आणि तुरुंगाच्या भिंतींत, जिथे करण्यासारखे दुसरे काही नव्हते, पाच दिवसांत बाहेर काढले. स्वतःला शिक्षा करण्यासाठी नव्हे. ती कशी बोलत असे, पत्रावळ कशी लावत असे, कशी रागावत असे हे एकेक करून मांडण्यासाठी. अपराधाची जागा तपशिलांनी भरून निघाली. मीही एक वही केली. आईच्या कळण्याच्या भाकरीचे प्रमाण, तिचे अहिराणी शब्द, तिने मला दिलेल्या दोन चपराका आणि त्यांची कारणे. ती जिवंत असतानाच लिहिते आहे, हा माझा श्यामपेक्षा मोठा नफा.

इथे एक गोष्ट लपवणे अप्रामाणिक होईल. मन मोकळे केले की दुःख कायमचे बरे होते, असे गुरुजींच्या आयुष्याकडे पाहून म्हणता येत नाही. 11 जून 1950 रोजी त्यांनी स्वतःच आपले जीवन संपवले. ज्याने लक्षावधी घरांना धीर दिला, त्यालाही निराशेने गाठले. पुस्तके, प्रार्थना, मित्र हे सारे असूनही मन खचू शकते आणि त्यात कुणाच्या संस्कारांची उणीव नसते. तेव्हा घरातले वडीलधारे ‘आता पुरे झाले’, ‘तुमच्यावर ओझे झाले’ असे वारंवार म्हणू लागले तर ‘असे बोलू नये’ म्हणून विषय मिटवू नका. ‘तुम्हाला मरावेसे वाटते का?’ असे सरळ विचारा. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्यांना एकटे ठेवू नका आणि डॉक्टरांकडे न्या. शासनाची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस मिळते, मराठीतही बोलता येते. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी ‘एल्डरलाइन’ 14567 आहे. हे क्रमांक फोनजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावे. आणि ते फक्त रुग्णासाठी नव्हेत, सेवा करणाऱ्यांसाठीही आहेत. मी एकदा फोन केला आहे.

आईची प्रकृती कितपत सुधारली, असे आपण विचाराल. वॉकर धरून ओटीपर्यंत येते. उजवा हात आला नाही. चाळीस-पन्नास शब्द आहेत, त्यांत माझे नाव आहे आणि अण्णांचे नाही, कारण त्यांना नावाने हाक मारण्याची तिला आयुष्यात सवयच नव्हती. डॉक्टरांच्या मते पहिल्या सहा महिन्यांत वेग अधिक असतो, त्यानंतर तो मंदावतो, पण थांबतोच असे नाही.

गेल्या ज्येष्ठात वटपौर्णिमेला तिला चाकांच्या खुर्चीतून वडापाशी नेले. सकाळी सातलाच निघालो, कारण आमच्याकडे त्या दिवसांत पाऊस आला नसेल तर नऊनंतर ऊन सोसवत नाही. फेऱ्या मी घालायच्या, असे ठरले होते. दोरा हातात घेतला तोच अण्णांनी तो मागून घेतला. या व्रतांना त्यांनी जन्मभर नावे ठेवली होती. जमलेल्या बायका पदराआड हसत होत्या आणि चौऱ्याऐंशीचे अण्णा, एका हातात काठी, एका हातात दोरा, झाडाभोवती निघाले. मी त्यांच्या कोपराला हात लावून मागे. खुर्चीतून आई मोजत होती. पाचला तिचा घोळ झाला, ती दुसऱ्यांदा ‘पाच’ म्हणाली. अण्णांनी माझ्याकडे पाहिले, काही न बोलता आणखी एक फेरी घातली आणि मग सावलीत बसून पाणी मागितले.